एका संगणकाला दोन पडदे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात बी. ए., बी. एड. असलेल्या एका सहशिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मी पाहिले. एक पडदा आहे तोच मुलांना पुरेसा गुंतवून ठेवतो, त्यात आणखी दुसरा कशाला, असे मनात आले असेल तर ते स्वाभाविकच आहे. परंतु गेली दोन-तीन वर्षे पालकसभेच्या दिवशी हाच प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. कोणाचा मुलगा म्हणतो, अब्बा, मला दुसरा मॉनिटर हवा. कोणाच्या मुलीने अकाउंट्सच्या क्लासमध्ये दोन मॉनिटर मांडलेले पाहिलेले असतात. आणि दुकानात चौकशी करावी तर उत्तर मिळते, की तुमचा संगणक जुना झाला, त्यावर दोन पडदे चालायचे नाहीत, संपूर्ण संच बदला, हप्ते बांधून देतो. पगारदार माणसाच्या घरात नवा हप्ता म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको.

म्हणून आज एवढेच सांगावयाचे आहे, की हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा. प्रथम काम पाहावे, त्यानंतर संगणकाची पाठ पाहावी, आणि दुकान सर्वांत शेवटी पाहावे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो आणि पैसा तेथेच जातो. मी काही संगणकाचा इंजिनिअर नव्हे. मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक आहे; शाळेची संगणक-खोली माझ्याकडे आली ती 'तरुण आहेत, सांभाळतील' या न्यायाने. तेव्हा मी सांगेन ते हाताने करून पाहिलेले असेल, एवढी खात्री बाळगा.

प्रथम काम. जुन्या पेढीवर मुनीम खतावणी लिहावयास बसे, तेव्हा त्याच्या एका हाताला पावत्यांचा गठ्ठा असे आणि समोर वही उघडी असे. पावतीवर नजर, वहीत आकडा, पुन्हा पावतीवर नजर. प्रत्येक पावती पाहण्यासाठी त्याला वही मिटावी लागली असती, आणि आकडा लिहिण्यासाठी ती पुन्हा उघडून पान शोधावे लागले असते, तर दिवसभरात त्याच्या हातून किती काम झाले असते, आणि डोक्यात धरून ठेवलेले किती आकडे वाटेत बदलले असते? एका पडद्याच्या संगणकावर आपण हेच करीत असतो. एक खिडकी पुढे आणली की दुसरी झाकली जाते. मधल्या क्षणापुरता आकडा लक्षात ठेवावा लागतो, आणि चूक होते ती त्याच क्षणात. वही न मिटता पावती पाहता यावी, एवढाच दुसऱ्या पडद्याचा खरा उपयोग आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी बी. कॉम. झाल्यावर घरी बसून लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे करते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट हवी असेल, तर माल विकणाऱ्यानेही ते बिल आपल्या विवरणात दाखविलेले असावे लागते. अशी दाखविलेली बिले सरकारी पोर्टलवर 'जीएसटीआर-२बी' नावाच्या तक्त्यात येतात. तो तक्ता आणि व्यापाऱ्याची खरेदीची वही ओळीला ओळ लावून ताडून पाहावी लागते. बिलाचा क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम, कर, सारे काही. बिल वहीत असून तक्त्यात नसले की वजावट अडलीच. पडदा एकच असल्यामुळे ही मुलगी तो तक्ता दर महिन्याला छापून घेई आणि कागदावर पेन्सिलीने खुणा करीत बसे. पुढे तिच्या मामूंच्या कार्यालयातून काढून टाकलेला १९ इंची मॉनिटर तिने आणून जोडला. छपाईचा खर्च थांबला, आणि जे काम मध्यरात्रीपर्यंत रेंगाळे ते इशाच्या अगोदर आटपू लागले. तिला नवा संगणक घ्यावा लागला नाही, हे येथे विशेष.

आमच्या शाळेतले उदाहरण सांगतो. यूडायस प्लसवर विद्यार्थ्यांची माहिती भरताना जनरल रजिस्टरचे स्कॅन केलेले पान एका पडद्यावर आणि भरावयाचा फॉर्म दुसऱ्यावर ठेवला, की नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवता येते. आपल्या नावांची गोष्ट तर आपण जाणताच. एकाच घरात 'मोहम्मद'चे इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. कोठे 'शेख' आधी, कोठे शेवटी. वडिलांच्या नावात एक अक्षर दाखल्यात जास्त तर आधारकार्डात कमी. ही एका अक्षराची तफावत पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात, कॉलेजच्या प्रवेशात आणि पासपोर्टच्या वेळी मुलाला आडवी येते, आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. लिहिणारा निष्काळजी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला मूळ नोंद आणि फॉर्म एकाच वेळी दिसत नसतात.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांना एक गंमत सांगून ठेवतो. उर्दू मजकूर डावीकडच्या पडद्यावर आणि मराठी उजवीकडच्या पडद्यावर ठेवून पाहा. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते आणि मराठीची डावीकडून. म्हणजे दोन्ही ओळींचा आरंभ मधल्या जोडापाशी येतो. भाषांतर करताना नजर जेथून निघते तेथेच परत येते. उलट मांडणी केली तर प्रत्येक ओळीला मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. इंग्रजी पुस्तकांतून ही युक्ती मिळणार नाही, कारण त्यांना याची गरजच पडत नाही.

आता कोणाला दुसरा पडदा नको, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या मुलाचे काम एखादा पाठ पडद्यावर पाहून वहीत उतरविण्याचे आहे, त्याची वही हाच त्याचा दुसरा पडदा आहे. ज्याला एका बाजूला अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचा सामना लावावयाचा आहे, त्याच्या बाबतीत वडिलांनी काय करावे हे वडिलांना कळते. किंबहुना माझे मत असे, की शेजारच्या पडद्यावर निरोप येत राहण्याची सोय करणे हे एकाग्रतेच्या दृष्टीने एका पडद्याहूनही वाईट. दुसरा पडदा घ्यावयाचा तो समोरच्या कामाला लागणारा कागद ठेवण्यासाठी.

'दोन पडद्यांनी काम इतके टक्के वाढते' अशा जाहिराती विद्यार्थी मला आणून दाखवितात. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रकारचा अभ्यास केला होता आणि त्याचा निष्कर्ष अनेक पडद्यांच्या बाजूने निघाला, हे खरे आहे. परंतु त्या अभ्यासाला मॉनिटर बनविणाऱ्या कंपनीचे साहाय्य होते, आणि तपासलेली कामे मजकूर, तक्ते नि सादरीकरणाची पाने सुधारण्याची, म्हणजे पुन्हा तुलनेचीच होती. तो निष्कर्ष अशाच कामांपुरता घ्यावा. आपल्या घरात टक्के मोजत बसण्यापेक्षा मुलाच्या शेजारी पंधरा मिनिटे बसून, तो किती वेळा एक खिडकी झाकून दुसरी काढतो हे मोजावे. पंधरा मिनिटांत तीस-चाळीस वेळा झाले तर मागणी रास्त आहे.

हा प्रकार नवा आहे अशी समजूत दिसते, तसे नाही. अ‍ॅपल कंपनीच्या १९८७ सालच्या मॅकिंटॉश-२ या संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडून त्यांवर सलग काम करता येत असे. विंडोजमध्ये ही सोय अंगभूत आली ती १९९८ सालच्या आवृत्तीत. त्या काळी प्रत्येक पडद्यासाठी बहुधा पेटीत वेगळे कार्ड बसवावे लागे, म्हणून ही चैन शेअरबाजारातल्या आणि छपाई-चित्रकामातल्या मंडळींपुरती राहिली. आज ती क्षमता अगदी साध्या संगणकातही आलेली असते. तिचे पैसे आपण संगणक घेतला त्या दिवशीच भरलेले असतात, फक्त पाठीमागे जाऊन कोणी पाहत नाही.

तर आता ती पाठ पाहू. ज्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो तिचे ते नाव खरे नव्हे. सीपीयू ही आतल्या एका चौकोनी चिपची संज्ञा. पण रूढ झाले आहे, तेव्हा वाद नको. पेटी भिंतीपासून पुढे ओढा, टॉर्च घ्या, आणि मागे कोणकोणती तोंडे आहेत ते कागदावर लिहा. निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले, दोन्ही बाजूंना स्क्रू बसणारे ते व्हीजीए. हे १९८७ साली आयबीएमने आणले आणि आपल्या शाळांतून ते अजून नांदते आहे. पांढरे, लांबट, पुष्कळ छिद्रांचे आणि कडेला एक आडवी चीर असलेले ते डीव्हीआय, १९९९ सालचे. चपटे, खालचे दोन्ही कोपरे निमुळते कापलेले ते एचडीएमआय. त्याचे नियम २००२ साली ठरले, आणि टी.व्ही.मुळे आता ते घरातली लहान मुलेही ओळखतात. जवळजवळ तसेच, पण एकच कोपरा कापलेले ते डिस्प्लेपोर्ट, २००६ सालचे. डिस्प्लेपोर्टच्या केबलला बहुधा एक लहान कळ असते. ती दाबल्याशिवाय केबल ओढू नये, नाहीतर तोंड उखडून हातात येते.

केवळ तोंडे मोजून भागत नाही, ती कोठे आहेत हेही पाहावे लागते. माऊस आणि की-बोर्ड जेथे लागतात त्या उभ्या पट्टीवरची तोंडे ही मदरबोर्डची. त्याखाली वेगळ्या आडव्या पट्टीवर आणखी तोंडे असतील तर आत ग्राफिक्स कार्ड बसविलेले आहे असे समजावे. कार्ड असताना पुष्कळ संगणकांत मदरबोर्डची तोंडे आपोआप बंद ठेवलेली असतात. येथेच लोक फसतात. आमच्या एका विद्यार्थ्याने पहिला मॉनिटर कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डला लावला. दुसरा काळाच राहिला. वडिलांनी पेटी दुकानात नेली, तेथे मदरबोर्ड गेला असे निदान झाले आणि नव्या संचाचा आकडा सांगण्यात आला. पैसे जमवण्यापूर्वी त्यांनी ती पेटी शाळेत आणून दाखविली. मदरबोर्डला काहीही झाले नव्हते. दोन्ही मॉनिटर कार्डाच्या दोन तोंडांना लावले आणि पाच मिनिटांत दोन्ही उजळले. मदरबोर्डची तोंडे वापरावयाचीच असतील तर बायोसमध्ये ती चालू करण्याची सोय काही संगणकांत असते. पण कार्डाला दोन तोंडे असताना त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

कार्ड नसेल तर सारे काम प्रोसेसरमधल्या अंगभूत चित्रयंत्रणेवर चालते, आणि कचेरीच्या कामाला ती पुरेशी असते. इंटेलच्या २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीपासून ही यंत्रणा तीन पडद्यांपर्यंत चालवू शकते. मात्र मदरबोर्ड बनविणाऱ्याने तोंडे किती दिली आहेत आणि त्यांपैकी किती एकाच वेळी चालतात यावर प्रत्यक्ष आकडा अवलंबून असतो. तीन तोंडे आहेत म्हणजे तीन पडदे चालतीलच असे नव्हे. मदरबोर्डचा नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे, त्यात हे लिहिलेले असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते त्यात अंगभूत यंत्रणा नसतेच; तेथे कार्ड अनिवार्य. नवा संगणक घेणाऱ्यांनी हे एक अक्षर नीट पाहून घ्यावे, कारण थोडा स्वस्त म्हणून तोच गळ्यात घातला जातो.

आता केबल. संगणकाचे तोंड आणि मॉनिटरचे तोंड सारखे असेल तर प्रश्नच नाही. सारखे नसेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्टरला दिशा असते. एचडीएमआयमधून निघणारे चित्र आकड्यांच्या स्वरूपात असते, व्हीजीएला ते विजेच्या चढउताराच्या स्वरूपात लागते. म्हणून संगणकाला एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरला व्हीजीए असेल तर मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा. दोन टोके नुसती जोडलेली साधी केबल चालत नाही. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसावयास तसाच असतो, पण काम करीत नाही. दुकानात 'संगणक एचडीएमआय, मॉनिटर व्हीजीए' असे दोन्ही शब्द याच क्रमाने सांगावेत. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचे मात्र बरे जमते, साधी केबल पुरते.

आणखी एक वस्तू हमखास चुकीने घेतली जाते, ती म्हणजे स्प्लिटर. एका तोंडातून दोन फाटे निघालेले पाहून वाटते, झाले काम. पण स्प्लिटर एकच चित्र दोन्ही पडद्यांवर दाखवितो. वर्गात मागच्या बाकांवरच्या मुलांना दिसावे म्हणून तो ठीक आहे; वही आणि पावतीला तो निरुपयोगी. तोंड खरोखरच एकच असेल तर यूएसबीमधून एचडीएमआय काढणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांना वेगळे सॉफ्टवेअर लागते आणि खेळ-चित्रपटांसाठी ते तितकेसे बरे नाहीत, परंतु स्थिर कागद वाचण्यासाठी चालतात.

मॉनिटर जुना असला तरी हरकत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. कार्यालये नूतनीकरण करतात तेव्हा १७ आणि १९ इंची मॉनिटर कवडीमोलाने निघतात. पावती वाचण्यासाठी त्यांची स्पष्टता पुरते. घेण्यापूर्वी चालू करून पाहावा, पांढरे पान लावून आडव्या-उभ्या रेषा आहेत का ते तपासावे, आणि त्याची वीज थेट केबलने येते की वेगळ्या अडॅप्टरने, हे विचारावे. अडॅप्टर हरवलेला असला तर तो शोधता शोधता जीव जातो. काचेच्या नळीचे जुने अवजड मॉनिटर मात्र आणू नयेत. ते वीज खूप खातात आणि टेबल व्यापतात.

जोडणी करताना सर्व बंद करावे. व्हीजीएचे टोक जोर लावून घालू नये, सुया वाकतात. त्यापूर्वी एक गोष्ट. पेटीच्या लोखंडी भागाला हात लागताच मुंग्या आल्यासारखे होत असेल तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे, असे समजावे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून ही तक्रार सर्रास आढळते. आधी वायरमनला बोलवावे, मग दुसऱ्या मॉनिटरचा विचार करावा.

संगणक सुरू झाला की विंडोजची खूण असलेली कळ धरून 'पी' दाबावे. चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. आपल्याला हवा तो 'एक्स्टेंड', म्हणजे टेबल लांब करावे तसा पडदा पुढे वाढविणारा. नंतर रिकाम्या जागी उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. तेथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. 'आयडेंटिफाय' दाबले की ते आकडे प्रत्यक्ष पडद्यांवर उमटतात. टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर तो चौकोनही ओढून डावीकडे न्यावा, नाहीतर माऊस डावीकडे नेला असता भिंतीला थडकतो आणि उजवीकडून भलतीकडे निघतो. दोन मॉनिटर लहानमोठे असतील तर चौकोन वरखाली सरकवून त्यांच्या कडा प्रत्यक्ष मांडणीशी जुळवाव्यात. ज्यावर मुख्य काम करावयाचे त्याला 'मेन डिस्प्ले' करावे. उबुंटू वापरणाऱ्यांना हेच सारे 'सेटिंग्ज'मधील 'डिस्प्लेज' या पानावर सापडते.

दुसरा चौकोन दिसतच नसेल तर घाबरू नये. केबल दोन्ही टोकांना पुन्हा बसवावी, मॉनिटरच्या बटणांतून योग्य तोंड निवडले आहे ना ते पाहावे. तरीही नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ग्राफिक्सच्या नावाजागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे लिहिले आहे का ते बघावे. तसे असेल तर ड्रायव्हर बसविलेला नाही. तो संगणक किंवा चिप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

मांडणीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण पैशाचे नुकसान भरून निघते, मानेचे निघत नाही. पुष्कळ मुले दोन मॉनिटर एका रेषेत ठेवून मधल्या फटीसमोर बसतात आणि काम मात्र एकाच बाजूला करतात. दिवसाचे चार तास मान एकीकडे वळलेली. हे करू नये. मुख्य पडदा नाकासमोर, दुसरा त्याच्या शेजारी, पुस्तकाच्या पानासारखा आत वळविलेला. दोन्ही सारखेच वापरावयाचे असतील, जसे त्या जीएसटीच्या कामात, तरच जोड नाकासमोर घ्यावा. अंतर हातभर, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली. जुना मॉनिटर ठेंगणा असेल तर खाली लाकडी फळी घालावी. त्यासाठी महागडा स्टँड नको. ज्या वडीलधाऱ्यांचा चष्मा दुहेरी काचेचा आहे त्यांनी पडदा आणखी थोडा खाली ठेवावा, म्हणजे हनुवटी वर करून पाहावे लागणार नाही. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे किंवा समोर नसावी. एक पडदा पिवळट आणि दुसरा निळसर असला तर डोळे लवकर थकतात. मॉनिटरच्या बटणांनी दोघांचा उजेड जमेल तितका सारखा करावा. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, निदान वीस फुटांवर पाहावे, ही सवय एका पडद्यालाही लागू आहे.

विजेच्या बिलाची भीती फारशी बाळगू नये. २५ वॅटचा मॉनिटर रोज ४ तास चालला तर महिन्याला ३ युनिट होतात. प्रश्न आहे तो वीज जाण्याचा. यूपीएसवर दोन्ही मॉनिटर लावले तर बॅटरी तितकी लवकर उतरते. म्हणून यूपीएसवर पेटी आणि मुख्य मॉनिटर एवढेच असावेत, दुसरा भिंतीच्या बोर्डावर. मात्र मग जे आपण लिहीत आहोत ते मुख्य पडद्यावर आणि जे नुसते वाचत आहोत ते दुसऱ्यावर, हा नियम पाळावा. नाहीतर वीज जाताच अर्धवट लिहिलेला अर्ज अंधारात जातो, आणि तो जतन करावयाचा तर माऊस कोठे आहे तेच दिसत नाही.

अशा वेळी, किंवा दुसरा मॉनिटर काढून टाकल्यावर एखादी खिडकी न दिसणाऱ्या बाजूला अडकली, तर ऑल्ट आणि टॅब दाबून ती निवडावी, आणि विंडोजची कळ व शिफ्ट धरून बाणाची कळ दाबावी. खिडकी पुढच्या पडद्यावर उडी मारते. रोजच्या कामातही ही युक्ती माऊसने ओढण्यापेक्षा सोयीची आहे. आणि एचडीएमआय लावल्यावर संगणकाचा आवाज अचानक गेला तर स्पीकर बिघडला असे समजू नये. एचडीएमआयमधून आवाजही जातो, आणि संगणकाने तो मॉनिटरकडे वळविलेला असतो, ज्याला बहुधा कंठच नसतो. खालच्या पट्टीतील आवाजाच्या खुणेवर जाऊन पुन्हा स्पीकर निवडावा.

राहिले दुकान. तेथे जाताना कामाचा अंदाज, पाठीमागच्या तोंडांची यादी आणि मोबाईलवर काढलेले त्यांचे छायाचित्र, एवढे बरोबर असले की 'सगळा संच बदला' हे वाक्य सहसा ऐकावे लागत नाही. पुष्कळ घरांत आणावयाची वस्तू म्हणजे एक केबल आणि फार तर एक कन्व्हर्टर, एवढीच निघते. ज्यांच्याकडे जुना मॉनिटर पडून आहे आणि तो चालतो की नाही हे ठाऊक नाही, त्यांनी तो शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक-खोलीत आणावा. तेथे चारही प्रकारच्या केबली मी ठेवलेल्या आहेत. मॉनिटरची विजेची केबल मात्र आठवणीने आणावी, ती बहुतेक जण घरीच विसरतात.